'किर्लोस्कर खबर'चे सुरुवातीचे अंक कुठे बघायला मिळतील?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, म्हणजे मुळात लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक, आणि त्याचंच पुढे नुसतं 'किर्लोस्कर' नावाचं घरोघरी वाचलं जाणारं मासिक झालं, १९३० ला 'स्त्री' आणि १९३४ ला 'मनोहर' पण तिथूनच निघाली, मला हे फार मोठं काम वाटतं. मला पहिल्या पाच-सहा वर्षांचे अंक बघायचेत, खासकरून नांगराच्या जाहिराती आणि शेतकऱ्यांसाठीचा मजकूर. सांगली, पुणे, मुंबईत कुठल्या ग्रंथालयात बांधीव अंक आहेत का? कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत असतील तर प्लीज रद्दीत देऊ नका, मी येऊन तिथेच बसून फोटो काढेन.