टॉमी जॉन यांची कारकीर्द शस्त्रक्रियेने वाचवली की त्यांच्या पिचिंगच्या पद्धतीने?

मैदानवेध:
बेसबॉलचे सामने पाहताना ‘टॉमी जॉन सर्जरी’ हा शब्द सतत कानावर पडतो, म्हणून ज्यांच्या नावाने ही शस्त्रक्रिया ओळखली जाते त्या पिचरची (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची) कारकीर्द मी अलीकडे वाचून काढली. बेसबॉलमध्ये संघाचा विजय एका पिचरच्या नावावर नोंदवला जातो; अशा एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय त्यांनी कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर मिळवले. एका हंगामात २० किंवा त्याहून अधिक विजय त्यांनी तीन वेळा मिळवले आणि ते तिन्ही हंगाम (१९७७, १९७९ व १९८०) शस्त्रक्रियेनंतरचेच आहेत. इतक्या मोठ्या दुखापतीनंतर एखादा खेळाडू पूर्वीपेक्षा सरस कसा काय ठरतो? शस्त्रक्रियेमुळे चेंडूचा वेग वाढतो असेही अनेक जण सांगतात; त्यात कितपत तथ्य आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

डावखुरा:
१९७४ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून माँट्रिऑल एक्स्पोजविरुद्ध खेळताना जॉन यांच्या डाव्या कोपरातले लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) तुटले. त्या वेळी ते ३१ वर्षांचे होते, त्या हंगामात त्यांच्या नावावर १३ विजय आणि अवघे ३ पराभव होते आणि तोपर्यंत अशा दुखापतीचा अर्थ कारकीर्द संपली असाच घेतला जात असे. सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्यांच्या उजव्या हातातला एक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तो डाव्या कोपरात, हाडांना भोके पाडून त्यांतून ओवून बसवला. पुन्हा मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत) खेळण्याची शक्यता शंभरात एक आहे, असे जोब यांनी आधीच स्पष्ट सांगितले होते.

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर कोपरातल्या नसेवर परिणाम होऊन त्यांच्या डाव्या हाताची बोटे आखडली, बोटांतली संवेदना गेली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा पूर्ण हंगाम त्यांनी मैदानाबाहेर काढला. १९७६ मध्ये ते परतले तेव्हा १० विजय, १० पराभव अशी कामगिरी झाली. वरवर पाहता ती सामान्य दिसते, पण त्यांनी त्या वर्षी २०० हून अधिक इनिंग (एका सामन्यात साधारण नऊ असतात) टाकल्या आणि नवे लिगामेंट टिकते हे प्रथमच सिद्ध झाले.

आपल्या मूळ प्रश्नाबद्दल माझे मत असे की दोन्ही गोष्टींचा वाटा आहे, पण पद्धतीचा वाटा मोठा आहे. जॉन हे वेगावर जगणारे पिचर कधीच नव्हते. फलंदाजाजवळ येताना खाली घसरणारा सिंकर हे त्यांचे मुख्य अस्त्र. फलंदाजाने तो मारला तरी चेंडू बहुधा जमिनीवरून इनफिल्डरकडे (जवळच्या क्षेत्ररक्षकाकडे) जात असे. थोडा वेग कमी झाला तरी अशा पिचरचे फारसे बिघडत नाही. वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत, १९८९ पर्यंत, ते खेळले. असे असूनही त्यांना अद्याप हॉल ऑफ फेममध्ये (महान बेसबॉलपटूंच्या सन्मान-दालनात) स्थान मिळालेले नाही, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

अस्थिरंग:
वेगाबद्दल थोडे लिहितो. हे लिगामेंट कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे हाड यांना धरून ठेवते. ते वेग निर्माण करत नाही. वेग पाय, कंबर, धड आणि खांदा यांतून येतो आणि लिगामेंट केवळ त्या वेळी कोपर उघडू देत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांहून अधिक सरळ करण्यास मनाई असल्यामुळे वेगवान गोलंदाजांची पाठ आधी कुरकुरते, तर बेसबॉलमध्ये वाकलेला कोपर झटक्याने सरळ होत असल्यामुळे ताण नेमका इथे येतो. परतलेल्या काही पिचरचा वेग वाढलेला दिसतो, त्याचे श्रेय वर्षभराच्या व्यायामाला द्यावे.

वापरला जाणारा टेंडन आपल्यालाही पाहता येतो. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वळवले की मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसते, तीच ती. काही लोकांच्या हातात ती मुळातच नसते. तेव्हा मांडीतला टेंडन घेतात. या टेंडनला नव्या जागी रुजून लिगामेंटचे काम करायला अनेक महिने लागतात, म्हणून परतीला साधारण १२ ते १८ महिने लागतात आणि घाई करून काहीही साधत नाही.

मैदानवेध:
दोघांचेही आभार. खांद्याच्या दुखापतीतूनही पिचर असेच परततात का?

तिसरा_बेस:
खांद्याच्या बाबतीत मी इतका आशावादी नाही. योहान सांताना यांनी मिनेसोटा ट्विन्सकडून २००४ आणि २००६ मध्ये साय यंग पुरस्कार (हंगामातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा) मिळवला होता. पुढे न्यूयॉर्क मेट्सकडे असताना २०१० मध्ये त्यांच्या डाव्या खांद्याच्या सांध्यावरील आवरणाची शस्त्रक्रिया झाली आणि २०११ चा हंगाम पूर्ण बुडाला. १ जून २०१२ रोजी त्यांनी सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध मेट्सच्या इतिहासातला पहिला नो-हिटर (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना) टाकला, पण त्यासाठी तब्बल १३४ चेंडू फेकले. व्यवस्थापक टेरी कॉलिन्स यांना त्यांचा खांदा आणि इतिहास यांपैकी एकाची निवड करायची होती आणि त्या रात्री ती निवड करणे किती कठीण होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्याच वर्षी ऑगस्टनंतर सांताना मेजर लीगमध्ये पुन्हा दिसले नाहीत. २०१३ मध्ये खांद्याचे तेच आवरण पुन्हा फाटले. त्या १३४ चेंडूंमुळेच हे घडले, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण असा खांदा कमी चेंडूंनीही दगा देऊ शकतो.

डावखुरा:
सांताना यांचे उदाहरण रास्त आहे, तरी पिचर क्रिस सेल यांचाही विचार व्हावा. मार्च २०२० मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, २०२२ मध्ये आधी बरगडीचे फ्रॅक्चर, मग परतल्यावर दुसऱ्याच सामन्यात फलंदाजाने मारलेला चेंडू लागून करंगळी मोडली आणि त्यानंतर सायकलवरून पडून मनगट मोडले. २०२३ मध्ये खांद्याच्या हाडानेही त्रास दिला. त्यांच्या बोस्टन संघाने त्यांना अटलांटा संघाला देऊन टाकले, तेव्हा त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवणारे थोडेच होते. २०२४ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, १८ विजय, ३ पराभव आणि २२५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) अशी कामगिरी करून त्यांनी कारकिर्दीतला पहिला साय यंग पुरस्कार मिळवला. ऐन भरात असताना अनेक वर्षे हुलकावणी देत राहिलेला हा पुरस्कार त्यांना इतक्या दुखापतींनंतर मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला.