भावाला बीसीए नकोसं झालंय, कोर्स बदलावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. धाकटा भाऊ बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावी सायन्सला मार्क बरे पडले, ‘कंप्युटरला स्कोप आहे’ असं मामांनी सांगितलं आणि फॉर्म भरून झाला. नापास वगैरे नाही. पण घरी आला की बॅग कोपऱ्यात, तोंड पाडलेलं आणि एकच पालुपद, "ताई, हे माझं नव्हेच."

त्याचं खरं मन रानात. चवथीच्या आधी माटोळीसाठी (गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची आरास) कांगलां ही रानफळं कुठल्या डोंगरावर मिळतील, कवंडळाची वेल कुणाच्या कुंपणावर चढलीय, हे वाड्यावरची जाणती माणसंसुद्धा त्यालाच विचारतात.

मध्यंतरी त्याने ऑनलाइन हॉलंड कोडची चाचणी दिली (माणसाची आवड आणि काम सहा प्रकारांत बसवायची, जॉन हॉलंडने 1959 मध्ये मांडलेली कल्पना). निघालं ‘आय-आर’, म्हणजे शोधक आणि हाताने काम करणारा. झालं, आता पहिल्या वर्षापासून बॉटनी करायचा हट्ट. बाबा म्हणतात, "कशीबशी डिग्री घे, मग काय ते कर."

मी थोडं वाचलं. केविन हॉफ आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 105 अभ्यास एकत्र तपासले. आवड आणि काम जुळणं व नोकरीतलं समाधान यांचा सहसंबंध फक्त 0.19 निघाला (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). हे नोकरीबद्दल, कॉलेजबद्दल नाही, पण वाचून माझाच गोंधळ झाला. स्वभाव जुळण्याला आपण उगाच इतकं महत्त्व देतो का? विषयच नकोसा आहे की लॅबमध्ये एका पीसीवर तिघं आणि संध्याकाळची खच्चून भरलेली बस नकोशी आहे, हे ओळखायचं कसं? आणि दोन वर्षांचे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या पेपरांचे जमा गुण, नव्या कोर्सला कितपत धरतात?

प्रतिसाद (फोंडा):
ताई, 0.19 ही सरासरी आहे. विषय न जुळताही मजेत शिकणारे पुष्कळ असतात आणि जुळूनही कुढणारे असतात, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या भावाचं काय, ते नाही.

दुसरं म्हणजे प्रोग्रॅमिंगही बहुधा ‘आय’ (शोधक) आणि ‘सी’ (नियमात, नीटनेटकं काम करणारा) मध्येच मोडतं. म्हणजे पहिलं अक्षर दोन्हीकडे तेच! त्या चाचणीच्या जोरावर बीसीए सोडायला मी तरी सांगणार नाही. मुळात स्वभावाने चिंता करणारी मुलं कुठल्याही शाखेत थोडी नाराज असू शकतात, तेही बघा.

त्याला ‘आवडतं का’ असं विचारू नका. कुठल्या पेपरला बसल्यावर वेळ कसा गेला कळलं नाही, ते विचारा. आणि बॉटनीच्या पहिल्या वर्षाचा सिलॅबस हातात द्या. रानात वेल ओळखणं वेगळं, ब्लेडने देठाचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली तासन् तास बघणं वेगळं. तेही त्याला आवडलं, तर बाबांशी भांडायला दम येईल.

धागाकर्ती:
धन्यवाद. आत्ताच विचारलं. डेटाबेसचा पेपर आवडला होता म्हणाला, नेटवर्किंगचं नाव काढलं की चिडतो. सिलॅबस उतरवून घेतलाय, वाचतोय. क्रेडिटचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजात मधेच कोर्स बदललेलं कुणी असेल तर कृपया लिहा, बाबा पहिला प्रश्न तोच विचारणार.