खिळ्यांचे टायर की बिनखिळ्यांचे? (स्टॉकहोम) मदत हवी आहे

धागाकर्ती
नमस्कार मंडळी,

आम्ही सोलेनतूनाला, म्हणजे स्टॉकहोमच्या उत्तरेला राहतो. ऑक्टोबर लागला तरी विंटर टायरचा निकाल लागत नाहीये: रबरात धातूचे बारीक खिळे बसवलेले घ्यायचे की बिनखिळ्यांचे. घरात दोन पक्ष पडलेत, म्हणून इथे विचारतेय.

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्यासोबत बिनखिळ्यांच्या विंटर टायरचा एक सेट आला होता. तोच वापरत होतो. गेल्या जानेवारीत रात्रभर रिमझिम पाऊस पडला, तापमान शून्याला चिकटलेलं. ई-फोर हायवेवरून खाली उतरताना वळणावर ब्रेक दाबला, तर पायाखाली नुसती एबीएसची खडखड आणि गाडी आपली सरळच! कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन टेकली. बंपरला ओरखडासुद्धा नाही, पण मागे लेक बसली होती. त्या उतारावर अजून पोटात गोळा येतो.

तेव्हापासून नवऱ्याचा एकच धोशा: डुबडेक (खिळ्यांचे टायर) घे, खिळे हवेतच. (हा माणूस मूळचा सातारचा. इथलं लायसन्स काढताना हाल्कबानावर, म्हणजे घसरड्या ट्रॅकवर जावं लागतं. "आंबेनळी घाट धुक्यात उतरलोय, मला काय शिकवणार" म्हणत गेला आणि पहिल्याच फेरीत गाडीने गिरकी घेतली.)

माझी अडचण अशी की ऑफिस स्टॉकहोममधल्या हॉर्न्सगाटान या रस्त्यावर आहे. तिथे 2010 पासून खिळ्यांच्या टायरना बंदी आहे आणि आमच्या पार्किंगचं तोंड त्याच रस्त्यावर. आठवड्यातून तीन दिवस गाडी न्यावी लागते. दुसरीकडे, स्पोर्टलोवला, म्हणजे शाळेच्या हिवाळी सुट्टीत, सॅलेनला स्कीइंगच्या डोंगरात जायचंय, चारशेच्या वर किलोमीटर. ऑफिसातले म्हणतात, तिकडे खिळ्यांशिवाय जाऊच नका. खरं आहे का? आणि खिळ्यांचा आवाज किती येतो? आमची गाडी इलेक्ट्रिक आहे, आत एरवी अगदी शांत असतं.

हिमगौरी
आधी एक सांगा, बर्फाच्या ढिगात गेला तो टायर कोणत्या साली बनलेला होता? टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. बिनखिळ्यांच्या टायरची सगळी भिस्त मऊ रबरावर आणि त्यातल्या बारीक चिरांवर. रबर जुनं होऊन कडक झालं की नक्षी कितीही खोल दिसो, बर्फावर पकड उरत नाही.

डांबरट
सॅलेनची काळजी उलटी चाललीय. उणे पंधरात बर्फ कोरडा आणि टणक असतो, त्यावर चांगले बिनखिळ्यांचे टायर खिळ्यांच्या बरेच जवळ येतात. खिळ्याची खरी गरज शून्याच्या आसपास, ओल्या काचेसारख्या बर्फावर. म्हणजे तुमच्या ई-फोरच्या उतारावरच! त्या एका बाबतीत नवऱ्याचं बरोबर आहे.
पण स्टॉकहोमात हिवाळ्यातले बरेच दिवस मीठ टाकलेलं ओलं डांबरच असतं. तिथे खिळे ब्रेकला मदत करत नाहीत, रस्ता मात्र खरवडतात. ती बारीक धूळ लोकांच्या छातीत जाते, बंदी त्यासाठीच आहे. इलेक्ट्रिक गाडीत आवाज जाणवणार हे गृहीत धरा.

चाकोरी
ताई, बिनखिळ्यांच्यात दोन जाती आहेत, दुकानात नीट विचारा. नॉर्डिक प्रकार मऊ, बर्फासाठी. मध्य-युरोपीय प्रकार जर्मनीच्या हायवेसाठी, ओल्या डांबरावर झकास पण बर्फावर बेभरवशाचा. इथे दुसरा घेऊ नका. ईयूच्या लेबलवर 2021 पासून गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह असतं, ते बघा. (भुसभुशीत हिमावरच्या पकडीचं चिन्ह वेगळं, गोंधळ करू नका.)
आणि सोलेनतूनाहून पेंडेलटोग (लोकल) सरळ तुमच्या ऑफिसजवळच्या स्टॉकहोल्म्स सोद्रा स्टेशनला जाते की. गाडी नेताच कशाला?

धागाकर्ती
@चाकोरी, लेकीला पाळणाघरातून साडेचारला घ्यावं लागतं आणि लोकल वेळेवर आली तर. असो.
@हिमगौरी, आत्ता टॉर्च घेऊन तळघरात जाऊन आले. 3915. म्हणजे 2015 चे! आणि बाजूला फक्त एम प्लस एस (चिखल आणि बर्फ, ही जुनी खूण) लिहिलंय, विंटर टायरचं डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह दिसत नाही.

हिमगौरी
मग विषयच संपला. डिसेंबर 2024 पासून नुसतं एम प्लस एस विंटर टायर म्हणून चालत नाही, ते डोंगराचं चिन्ह लागतंच. नक्षीची खोली कायद्याला लागणारे 3 मिलिमीटर भरली तरी. तो सेट चढवूच नका.

डांबरट
म्हणजे घसरायला नुसतं खिळे नसणं कारण नव्हतं, म्हातारं रबरही होतं. खिळ्यांचे घेतलेत तर चारही चाकांना घ्या, आणि पहिले काही शे किलोमीटर जोरात ब्रेक नाही, एकदम ॲक्सिलरेटर नाही. खिळे रबरात नीट बसावे लागतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. शनिवारी नॉर्डिक बिनखिळ्यांचा सेट बघायला जातोय. शून्याच्या आसपास पाऊस असेल त्या दिवशी गाडी घरी आणि मी लोकलमध्ये, एवढं मान्य केलंय. नवरा म्हणतो, एकदा घसरलीस की 15 एप्रिलपर्यंत खिळे चालतात, लक्षात ठेव.