‘मणक्यात गॅप’ म्हणजे नेमकं काय?

अंबाजोगाईहून: वडिलांची कंबर लई दुखायलीय. एमआरआय काढला तर डॉक्टर म्हणले मणक्यात गॅप आहे, शेजारचे म्हणायलेत गादी सरकली अन् आत्या म्हणती मणका सरकला. हे तिन्ही एकच का?

लातूरहून: नाही दादा, अन् ‘गॅप’ हा शब्द तर उलटाच आहे. दोन मणक्यांच्या मधे जागा असायलाच पाहिजे, तिथंच तर गादी असती. वय झालं की गादीतलं पाणी कमी होतं, गादी बसती अन् ती जागा घटती, म्हणजे आपण गॅप पडला म्हणतो तिथं खरं तर गॅप कमी झालेला असतो. पण शब्द ऐकूनच माणूस धास्ती घेतो, मणके सुटे झाले समजून खाटेवरून उठत नाही, अन् पडून पडून कंबर अजूनच आखडती. मला याचंच लई वाईट वाटतं.

कमरेत 5 मणके. वरचा मणका खालच्याला एका नाही तर 3 ठिकाणी जोडलेला असतो, पुढं गादी अन् मागं डावीउजवीकडं दोन छोटे सांधे, डॉक्टर त्याला फॅसेट म्हणतात. हे मागचे सांधे गुडघ्यासारखेच, आत कूर्चा अन् वंगण, म्हणून गुडघ्यासारखेच झिजतात. कमरेतली त्यांची ठेवण अशी की पुढंमागं वाकू देतात पण पीळ फारसा घेऊ देत नाहीत. गादी बसली की भार त्यांच्यावर येतो, मग हाड वाढतं अन् नसेची वाट अरुंद होती. बोलीत या सांध्यांना नावच नाही, म्हणून सगळं खापर गादीवर फुटतं.

‘गादी सरकली’ म्हणतात तेव्हा अख्खी गादी हलत नाही, बाहेरचं कडं चिरतं अन् आतला मऊ गर बाहेर येऊन नस दाबतो, जास्त करून खालच्या दोन गाद्यांत. कळ कुल्ल्यातून पायात उतरती, बसलं, वाकलं, शिंकलं की वाढती. मागच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा मागं वाकल्यावर, लई वेळ उभं राहिल्यावर. ‘मणका सरकला’ मात्र एक मणका खालच्यावरून खरंच पुढं गेला तरच म्हणावं, रिपोर्टात त्याला लिस्थेसिस लिहितात.

केजहून: आमच्याकडं ऊसतोडीवरून आलेल्या बाया ‘चमक भरली’, ‘कंबर धरली’ म्हणतात, ते यातलं कोणतं?

लातूरहून: ताई, वाकून कोयता चालवायचा अन् वर डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढायचं, त्यात स्नायू आखडतो, कधी सांधाही धरतो. ‘चमक’ नुसतं दुखणं कसंय ते सांगती, कारण सांगायचा आव आणत नाही, म्हणून मला हा शब्द गॅपपेक्षा बरा वाटतो. पण लघवी अडकली, बसायची जागा बधिर पडली, पायातला जोर गेला तर चमक म्हणून चोळत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

अन् दादा, वडिलांच्या रिपोर्टात बल्ज (म्हणजे गादी कडेनं थोडी फुगलेली) लिहिलंय का लिस्थेसिस तेवढं बघा. बल्ज तर कंबर न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमधेही सर्रास दिसतो.