मदत हवी आहे: गिटारवरच्या कॉर्डच्या (एकत्र वाजवायच्या सुरांच्या) नावापुढचे ७, ९, १३ कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. गावच्या भजनी मंडळात लहानपणापासून पेटी वाजवतो, त्यामुळे सूर ओळखता येतात. गिटार मात्र आत्ता कुठं हातात घेतली आहे. शिकवणारे सगळे बेळगावात आणि कामामुळं वरचेवर जाणं जमत नाही, म्हणून इथं विचारतोय.

साध्या कॉर्ड समजल्या. पांढरी एकला (पेटीवरच्या सी ला) सा धरलं की सी मेजर म्हणजे सा-ग-प, आणि सी मायनर म्हणजे त्यातला ग कोमल. अडतोय पुढच्या आकड्यांवर.

सी७ मध्ये कोमल नी आणि सी मेजर७ मध्ये शुद्ध नी, असं का? बाकी सूर शुद्ध असताना नुसतं ७ लिहिलं की नी कोमल कसा होतो? त्यात कुठं मोठा एम आणि ७ लिहितात, कुठं लहान एम आणि ७, कुठं नुसता त्रिकोण.

नऊ म्हणजे वरच्या सप्तकातला रे, हे मोजून कळलं. मग सी९ आणि सी अ‍ॅड९ अशी दोन नावं कशाला?

आणि १३ तर डोक्यावरून जातंय. सा-ग-प-नी-रे-म-ध, म्हणजे सात सूर. तारा सहा, दाबायला बोटं चार. मग सोडायचं काय?

कृपया नुसत्या आकृत्या देऊ नका. आकृती पाठ केली की तेवढी एकच कॉर्ड येते. मला नियम हवाय.

प्रतिसाद (निपाणीहून)

प्रश्न फार चांगला विचारलात. पेटीवादक रामभाऊ विजापुरेंच्या बेळगावाजवळचे तुम्ही, तेव्हा पेटीवरूनच सांगतो.

सी स्केलमध्ये पंचमावर, म्हणजे जी वर, स्केलमधलेच सूर घेऊन कॉर्ड बांधा: प, नी, रे, म. आता जीला सा माना. तो शेवटचा म जीचा कोमल नी होतो. सा कडे परत यायला ही कॉर्ड सतत लागते, म्हणून नुसता ७ तिच्या वाट्याला आला. शुद्ध नी हवा असेल तर मेजर७ असं स्पष्ट लिहावं लागतं. मोठा एम आणि त्रिकोण म्हणजे तेच. लहान एम म्हणजे मायनर: ग कोमल, नी पण कोमल.

९, ११, १३ यांच्यात खालचा ७ गृहीतच असतो. सी९ म्हणजे सा-ग-प-कोमल नी-रे. अ‍ॅड९ मध्ये नी नाहीच, साध्या कॉर्डला फक्त रे जोडायचा. दोन्ही वाजवून बघा, कानाला लगेच कळतंय. सी९: सहावी (सगळ्यात जाड) तार वाजवू नका, पाचवीवर तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरचं घर), चौथीवर दुसरा, उरलेल्या तिन्हींवर तिसरा. अ‍ॅड९: पाचवी आणि चौथी तशीच, तिसरी मोकळी (न दाबता वाजवायची), दुसरीवर तिसरा, पहिली मोकळी.

आता काय सोडायचं. ग आणि नी सोडू नका, कॉर्डचा स्वभाव त्या दोघांत आहे. नावात आलेला आकडाही ठेवा. सगळ्यात आधी प जातो. सोबत बास वाजवणारा असेल तर सा पण सोडता येतो. मेजरच्या १३ मध्ये म बहुतेक वेळा गाळतात, कारण तो शुद्ध ग ला टोचतो. मायनर ११ मध्ये ग कोमल असल्यानं म छान बसतो.

वर दिलेल्या सी९ मध्ये पहिल्या तारेवर तिसऱ्याऐवजी पाचवा फ्रेट दाबा. प गेला, ध आला. झाली सी१३.

धागाकर्ता

मनापासून आभार दादा. पेटीवर एकेक सूर लावून पडताळलं, पटलं. सी९ च्या आकृतीत एकही तार मोकळी नाही, म्हणून ती तशीच दोन फ्रेट वर सरकवली. सूर आले डी, एफ शार्प, सी, ई, ए. ही डी९ च ना? असं असेल तर सा कुठंही धरला तरी हाच हात चालेल. अ‍ॅड९ मध्ये मात्र दोन तारा मोकळ्या राहतात, ती सरकवायची असेल तर काय करायचं?