प्रत्येक विभागाला वेगळा हिशेबनीस हवाच का?

तपकीरगल्ली: आमच्या विद्यापीठात (पुण्यातलंच, नाव नको) प्रकल्पासाठी तपकीर गल्लीतून 1,840 रुपयांचे सेन्सर आणि वायरी घेतल्या, खिशातून. बिल विभागाच्या क्लार्ककडे, मग टिपणी, प्रमुखांची सही, वित्त विभागाचं आवक टेबल. सोळाव्या दिवशी फाइल परत. शेरा: 'लेखाशीर्ष तपासून पुन्हा सादर करावे.' म्हणजे खर्च कुठल्या सदरात टाकलाय ते बघा. शेजारच्या विभागाचं असंच बिल तीन दिवसांत सुटलं, कारण तिथल्या बाईंना लेखाशीर्षं तोंडपाठ. प्रत्येक विभागात एकेक जण तेच नियम अर्धेमुर्धे शिकत बसलाय. त्यापेक्षा बिलं, प्रवासभत्ता, मानधन सगळ्यांसाठी मिळून एकच कक्ष करा. काय घ्यायचं ते विभागानं ठरवावं, कागद कक्षानं सांभाळावेत.

जावकनोंद: तीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली, म्हणून बोलतो. तुमच्या कक्षात सगळ्यात आधी त्या बाईंनाच उचलतील. मग विभागात विचारायचं कोणाला? प्राणिशास्त्राच्या क्लार्कला उंदरांच्या खाद्याचं बिल समजावून सांगावं लागत नाही. कक्षातला नवा पोरगा त्यावर खुलासा मागेल, आणि तो लिहिणार तुम्हीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसनं हे करून पाहिलंय. 2013 च्या सुमारास विभागांतली माणसं उचलून कॅम्पसबाहेर फोर्थ स्ट्रीटवर नेऊन बसवली. काही वर्षांत तो एकच मोठा कक्ष गुंडाळायची वेळ आली. मिशिगनच्या प्राध्यापकांनी तर 2013 मध्येच सह्या गोळा करून अशा योजनेला विरोध केला होता.

तपकीरगल्ली: बर्कलीचं मान्य. पण तिथे माणसं लांब नेली, दुखणं ते होतं. आपल्याकडे उपयोगिता प्रमाणपत्राचं, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याचं बघा. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नमुना ठरलेला आहे, अनुदानावरचं व्याजही परत भरायचं असतं. मार्चअखेरीला प्रत्येक प्रकल्पप्रमुखानं हे रात्री जागून जुळवायचं? आकडा चुकला की पुढचा हप्ता अडकलाच. मला पदार्थविज्ञान येतं हो, व्याजाचा हिशेब नाही.

पीएचडीचंपाचवंवर्ष: दोघंही क्लार्क कुठे बसावा यावर भांडताय. मला फक्त माझी फाइल कुठल्या टेबलावर आहे ते कळू द्या. कुरिअरचं पाकीट कळतं, फेलोशिपचं बिल कळत नाही.

जावकनोंद: @पीएचडी, त्याला कक्ष लागत नाही, आवक क्रमांक मोबाइलवर पाठवला तरी पुरे. @तपकीरगल्ली, उपयोगिता प्रमाणपत्र आणि टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) घ्या एकत्र, माझी हरकत नाही. खरं तर टीडीएसमध्ये आम्ही स्वतःच मार खाल्लाय. चार विभागांनी एकाच ठेकेदाराला कामं दिली, प्रत्येक बिल 28 हजारांचं. एका बिलाची मर्यादा 30 हजार, म्हणून कुणीच कापला नाही. वर्षाची बेरीज 1 लाख 12 हजार, आणि 1 लाखावर गेलं की कापावाच लागतो. ऑडिटनं धरलं. चारही क्लार्क आपापल्या जागी बरोबर होते.

तपकीरगल्ली: अहो, मग मी दुसरं काय म्हणतोय!

जावकनोंद: एकाच नावावर किती गेलं ते एका जागी दिसावं, इतपतच म्हणा. खरेदीची बिलं मात्र विभागातच राहू द्या, त्यावर मी हलणार नाही. बाकी तुमच्या बिलावर 'उपकरणे' लिहिलंय ना? छोटे सेन्सर आणि वायरी असतील तर 'उपभोग्य वस्तू' खाली टाकून बघा.

तपकीरगल्ली: 'उपकरणे'च लिहिलंय. उद्या बदलतो. हे सोळा दिवसांपूर्वी सांगणारं कुणी भेटलं असतं तर हा धागाच काढला नसता.