बर्फात अडकलेला प्वारो: तुमचे अनुभव लिहा

अगाथा क्रिस्तीच्या कथांमधला गुप्तहेर प्वारो टीव्ही मालिकेत साकारताना अभिनेता डेव्हिड सुशेने १९८९ ते २०१३ या काळात ७० भाग केले. त्यातला २०१० सालचा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' तुम्ही कुणाबरोबर पाहिलात, मनात काय राहिलं, ते लिहा. शेवटाबद्दल मोकळेपणाने बोलणार आहोत, तेव्हा न पाहिलेल्यांनी आधी तो पाहून यावं.

मी आईबरोबर पाहिला. तिला खुनी कोण ते पुस्तकामुळे पाठ होतं, तरी ती जागची हलली नाही. पुस्तकात प्वारो दोन उत्तरं मांडतो आणि अलगद बाजूला होतो. इथे तो संतापतो. कायदा हातात घेतलात तर रस्त्यावरच्या जमावात आणि तुमच्यात फरक काय, असं ओरडून विचारतो. गाडीतली वीज गेलेली, बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ. आई एवढंच म्हणाली, "उत्तर सापडलं, पण बिचाऱ्याला आनंद नाही झाला."

*

काकूंचं बरोबर आहे. पण मला सुरुवातीचा प्रसंग खटकला, आणि अजूनही खटकतो. इस्तंबूलमध्ये एका बाईला जमाव दगडांनी मारतो, हे पुस्तकात नाही. अतातुर्कच्या तुर्कस्तानात १९२६ मध्येच स्विस धर्तीचा दिवाणी कायदा आला होता. त्या शहराला असं रंगवायची गरज नव्हती. शेवटच्या प्रश्नाची तयारी म्हणून तो प्रसंग घातलाय हे कळतं, पण मग तो युरोपातल्या एखाद्या गावातही घडवता आला असता.

*

मी जर्मनीत राहते. एका डिसेंबरात आमची गाडी बर्फामुळे रात्रभर माळावर उभी होती. हीटर बंद पडल्यावर अनोळखी माणसं कोट वाटून घेऊ लागली. समोरच्या आजींनी मला थर्मासमधला चहा दिला आणि घरातली सगळी दुखणी सांगितली. त्यानंतर हा भाग पाहिला तेव्हा बर्फाचं काम नीट लक्षात आलं. कट करणाऱ्यांचा बेत साधा होता: बाहेरून कुणी आला, खून करून उतरून गेला. गाडी वेळेवर धावली असती तर हे खपलंही असतं. बर्फ पडला, बाहेर पाऊलखुणा नाहीत, म्हणजे खुनी गाडीतच. त्यांना पकडलं ते आधी बर्फानं, प्वारो नंतर.

ही निव्वळ कल्पनाही नाही. १९२९ मध्ये खरीच ओरिएंट एक्सप्रेस इस्तंबूलच्या पश्चिमेला चेर्केझकॉयजवळ कित्येक दिवस बर्फात रुतून बसली होती. १९३१ च्या डिसेंबरात क्रिस्तीबाई स्वतः याच गाडीत पुरामुळे अडकल्या. पुस्तक आलं १९३४ ला.

*

जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून खुनाच्या कटातले ते बारा जण माझ्या मनातून जात नाहीत. बारा म्हणजे ज्युरी. लहान मुलीला पळवून मारणारा रॅचेट पैशाच्या जोरावर सुटला, मग यांनीच त्याला मारून न्याय केला. (ही कल्पना १९३२ मध्ये अमेरिकन वैमानिक लिंडबर्गच्या बाळाचं अपहरण झालं, त्यावरून घेतलेली आहे.) आपल्याकडे मुंबईत नानावटी खटल्यात नऊपैकी आठ ज्युरींनी आरोपीला निर्दोष ठरवलं आणि उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. जनमत आणि पुरावा यांतली ओढाताण मी रोज पाहतो. अशील समोर रडत असतो, त्याचं दुःख शंभर टक्के खरं असतं, आणि कागद मात्र काही बोलत नाही. म्हणून प्वारो पोलिसांना खोटं सांगून जपमाळ घट्ट धरून बर्फातून चालतो, तेव्हा मला त्याचं रडू पटतं. त्यानं त्यांना सोडलं हे मला मान्य आहे. त्याला ते सोपं गेलं असतं तर मान्य झालं नसतं.

*

जपमाळेवरून आठवलं. रॅचेट आणि प्वारो, दोघंही आपापल्या डब्यात प्रार्थना करताना दाखवलेत. टोबी जोन्सचा रॅचेट घाबरलेला आहे, त्याला क्षमा हवीय. तिथे मी त्या नीच माणसासाठी क्षणभर हळहळलो, आणि मग स्वतःचाच राग आला.

*

बर्फच हवा असेल तर २०१३ चा 'द लेबर्स ऑफ हर्क्युलिस'ही बघा. स्वित्झर्लंडच्या डोंगरावरचं हॉटेल, हिमकडा कोसळून खाली जायची वाट बंद. रहस्य थोडं गुंतागुंतीचं झालंय, पण थकलेला, अपराधी वाटणारा प्वारो तिथेही भेटतो.